पोरगा चावी मागतोय, काय करू? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात म्हटलं होतं की तरुण पोरं आणि रस्त्यावरचे अपघात या विषयावर काय विचारायचं ते विचारा, तर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं मिळून ढीग आला. बरेच प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र केलेत. नावं छापत नाही, फक्त गावं देतोय. एक गंमत म्हणजे पोरांनी विचारलेले बहुतेक प्रश्न दंडाचे आहेत, किती घेतात, कुठे पकडतात, आणि आईबापांचे सगळे भीतीचे. स्पीडबद्दल एकानेही विचारलं नाही, तो विषय आम्हीच मध्ये मध्ये घुसडलाय.

प्रश्न : मुलगा अकरावीला आहे, सोळा पूर्ण झाली. क्लास नऊ किलोमीटरवर. सगळे मित्र गाडीवर येतात, हा एकटा बसने, त्यामुळे घरात रोज कटकट. ह्यांनी १२५ सीसीची स्कूटर घ्यायचं ठरवलंय. शोरूमवाला म्हणाला सोळाला बिनगियरच्या गाडीचं लायसन्स निघतं, टेन्शन घेऊ नका. खरं आहे का? (सांगली)

ताई, शोरूमवाल्याने अर्धंच सांगितलंय. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, आईबापाच्या संमतीने मिळतं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या इंजिनसाठी. हा नियम लूनाच्या काळातला आहे, तेव्हा पायडल मारून चालू होणारी गाडी पोरांच्या हातात असायची आणि ती पळून पळून पळणार किती. आज शोरूममध्ये जा आणि ५० सीसीची पेट्रोलची गाडी दाखवा म्हणा, सेल्समन तुमच्याकडे बघतच राहील. ज्याला आपण साधी स्कूटी म्हणतो ती ११०, १२५ ची असते, ती आरामात ऐंशीच्या पुढे जाते. म्हणजे ते लायसन्स खिशात असलं तरी या गाडीवर तुमचा मुलगा विनालायसन्सच धरला जाणार.

आणि पकडला गेला तर प्रकरण पाचशे रुपये देऊन मिटत नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १९९अ आलं. अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर दोषी धरतात पालकाला किंवा गाडीच्या मालकाला. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. मला माहीत नव्हतं, त्याने न विचारता नेली, असं म्हणायची सोय आहे पण ते सिद्ध तुम्हाला करायला लागतं, कोर्ट धरून चालतं की चावी तुम्हीच दिली. आणि खरं सांगायचं तर बहुतेक घरांत चावी दिलेलीच असते, वर कौतुकाने फोटो स्टेटसला टाकलेला असतो.

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे काय झालं ते सगळ्यांना आठवतंय. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे गाडी, मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. पहिल्या दिवशी बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला म्हणून देशभर बोंब झाली, ती व्हायलाच हवी होती. पण त्या गोंधळात लोकांनी सगळं श्रीमंतीवर ढकललं. सांगलीच्या गल्लीतली स्कूटर आणि ती पोर्शे यांच्यात पैशाचा फरक आहे, घरातून चावी मिळाली ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

विम्याचंही बघा. मुलाकडे त्या गाडीचं लायसन्स नसताना त्याने कोणाला उडवलं तर कोर्ट बऱ्याचदा विमा कंपनीला म्हणतं आधी जखमीला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. म्हणजे रक्कम शेवटी तुमच्याच घरातून जाणार, आणि एखादा कमावता माणूस गेला असेल तर ती रक्कम शेत विकायला लावणारी असते.

मग नऊ किलोमीटरचं काय? एसटीचा विद्यार्थी पास काढा, नाहीतर त्याच क्लासच्या चार पोरांच्या पालकांनी मिळून रिक्षा लावा. सायकल म्हटलं की पोरं तोंड वाकडं करतात पण रस्ता बरा असेल तर नऊ किलोमीटर सायकलला पाऊण तास, फार नाही. कटकट दोन वर्षं होईल. होऊ द्या.

अठरा झाल्यावर लायसन्स मिळालं की लगेच सगळं मोकळं सोडायचं असंही नाही, नाशिकच्या एका वडिलांनी तेच विचारलंय म्हणून इथेच सांगतो. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं, सुरुवातीला रात्री उशिरा चालवायचं नाही, मित्रांना बसवायचं नाही, अनुभव आला की एकेक सूट. पुढे ऑस्ट्रेलियात, अमेरिकेतल्या राज्यांत तसंच आलं आणि तिथे नव्या पोरांचे अपघात कमी झाले. कारण नवशिक्याचा धोका दोन गोष्टींनी चटकन वाढतो, अंधार आणि मागे बसलेला दोस्त. आपल्याकडे लर्निंग असताना मोटारसायकलवर शिकवणारा सोडून कोणाला बसवायचं नाही एवढंच आहे, पक्कं मिळालं की रात्री दोनला डबलसीट महाबळेश्वर. कायदा करत नाही ते घरात करता येतं. पहिले सहा महिने रात्री नऊनंतर गाडी नाही, डबलसीट नाही, हायवे नाही, असं लायसन्स हातात यायच्या आधीच ठरवून टाका. नंतर ठरवायला गेलात तर भांडण.

प्रश्न : मी शहरातच चालवतो, ट्रॅफिकमुळे तीस-चाळीसच्या वर गाडी जातच नाही. मग हेल्मेट कशाला? केस गळतात, मानेला त्रास होतो, मागचा हॉर्न ऐकू येत नाही. हा हायवेचा नियम गावात कशाला लादता? (पुणे)

पुण्याहून हा प्रश्न आला नसता तर चुकल्यासारखं वाटलं असतं! हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणारं आपलं शहर.

बरं, तीस-चाळीस पण सोड. तू गाडी उभी करून नुसता उभा आहेस आणि चक्कर येऊन आडवा पडलास असं धर. दीड मीटर उंचीवरून डोकं खाली येतं तेव्हा जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो, नुसत्या गुरुत्वाकर्षणाने. बाथरूममध्ये घसरून माणसं जातात ती अशीच. आता त्यात गाडीचा चाळीसचा वेग आणि खाली मातीऐवजी डिव्हायडरची काँक्रीटची कड धर. दुसरं, तू चाळीसने जात असलास तरी तुला मागून ठोकणारा टेम्पो चाळीसने येतोय हे तुला कोणी सांगितलं?

आकडा पाहिजे तर २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातल्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. जगभरातले अभ्यास एकत्र करून जो निष्कर्ष काढलाय तो असा की हेल्मेटने मरायची शक्यता साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार लागायची ६९ टक्क्यांनी कमी होते. शंभर टक्के नाही, हेही लक्षात घे, म्हणजे हेल्मेट घातलंय म्हणून नव्वदने हाणायचा परवाना मिळत नाही.

केसांचं म्हणशील तर आत सुती रुमाल बांध, आतलं अस्तर निघत असेल तर धुवत जा, वास आणि खाज दोन्ही जातं. मान दुखते ती बऱ्याचदा मापाचं नसलेलं जड हेल्मेट घेतल्यामुळे. दुकानात घालून बघ, पट्टा लावून डोकं जोरात हलव, हेल्मेट आतल्या आत फिरलं तर मोठं आहे. आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा नंबर बघून घे, १ जून २०२१ पासून त्याशिवायचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे, तरी फुटपाथवर दोनशे-अडीचशेला प्लास्टिकच्या टोप्या मिळतातच आणि त्या पोलिसापासून वाचवतात, रस्त्यापासून नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदल, आतला थर्माकोलसारखा थर दबलेला असतो आणि खरं काम तोच थर करतो. आणि पट्टा लाव रे बाबा. निम्मी पुणेरी हेल्मेटं आरशाला नाहीतर कोपराला अडकवलेली असतात आणि उरलेल्यांचे पट्टे लोंबत असतात, तसलं हेल्मेट पडताना तुझ्याआधीच रस्त्यावर पोचतं.

प्रश्न : आमच्याकडे साखर कारखान्यांचा सीझन चालू झाला की रात्री मोटारसायकल चालवायची भीती वाटते. दरवर्षी ओळखीपाळखीतला एखादा पोरगा उसाच्या ट्रॉलीला मागनं धडकून जातो. यात चूक कोणाची धरायची? (पंढरपूर)

दादा, या प्रश्नावर अख्खा अंक काढता येईल. सोलापूर, कोल्हापूर, सांगली, सातारा, नगर, मराठवाड्याचा ऊसपट्टा, दिवाळीच्या पुढेमागे गाळप सुरू होतं आणि मार्चपर्यंत हेच चालतं. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. मागच्या ट्रॉलीला टेललाईट नाही, असला तर वायर तुटलेली. रिफ्लेक्टर लावलाय पण त्यावर चिखल, नाहीतर वरनं वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा पाला, लोंबतंय त्यात तो झाकलेला. ऊस बाजूला दोन-दोन हात बाहेर आलेला. ड्रायव्हरचा टेप एवढ्या मोठ्याने की मागनं हॉर्न वाजवून घसा बसला तरी त्याला पत्ता नाही. ट्रॉलीचा टायर फुटला की ती तिथेच रस्त्यात उभी, मागे चार दगड मांडायचे आणि माणूस चहाला. ट्रॉली दुरुस्त होऊन निघून जाते, दगड तिथेच राहतात, आणि पहाटे दूध घालायला निघालेला पोरगा त्या दगडांवर जातो.

म्हणजे ट्रॉलीवाल्याची चूक आहेच, त्यात वाद नाही. कारखान्यांनी मनावर घेतलं तर एका सीझनमध्ये फरक पडेल असं माझं मत आहे, रिफ्लेक्टर आणि टेललाईट नसेल तर काट्यावर ट्रॉली घ्यायची नाही, वजनच करायचं नाही. रिफ्लेक्टर वाटपाचे फोटो पेपरात येतात ते चांगलंच आहे पण काट्यावर अडवल्याशिवाय ते लागत नाहीत हे सगळ्यांना माहितीये.

पण रात्री घरी तुम्हाला यायचंय, म्हणून तुमच्या हातातलं बोलू. साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. समोर काहीतरी काळं आहे हे डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत अंधारात दीड सेकंद सहज जातो, म्हणजे पंचवीस मीटर तिथेच गेले, त्यापुढे कोरड्या डांबरावर गाडी थांबायला अजून वीसएक मीटर. बेरीज पंचेचाळीस. साध्या बाईकचा लाईट डिपरवर तेवढ्या लांबची धुळीने माखलेली ट्रॉली जेमतेमच दाखवतो, त्यातून समोरून कोणी अप्पर मारत आला की दोन-तीन सेकंद तुम्ही आंधळेच. चाळीसला हीच बेरीज पंचवीस-सव्वीसवर येते. बहुतेक पोरं ट्रॉली दिसली नाही म्हणून मरतात असं म्हणतात, मी म्हणेन दिसली, पण दिसली तेव्हा रस्ता संपलेला होता.

म्हणून सीझनमध्ये रात्री चाळीस, जास्तीत जास्त. समोरच्या लाईटने डोळे दिपले की नजर डाव्या बाजूच्या पांढऱ्या पट्टीवर न्यायची आणि त्या उजेडाच्या मागे ट्रॉली उभीच आहे असं धरून गाडी हळू करायची, दिसत नाही म्हणून तसंच पुढे काढायची नाही. समोरून एकच लाईट येताना दिसला तर मोटारसायकल आहे असं समजू नका, एक लाईट गेलेला ट्रॅक्टर असतो आणि तुम्ही सोडलेल्या जागेत तो मावत नाही. ट्रॉल्यांची रांग ओव्हरटेक करताना मोकळ्या जागेत घुसायचं नाही, दोन ट्रॉल्यांमधली कडी अंधारात दिसत नाही आणि तिथे घुसलेला परत निघत नाही. आणि स्वतःच्या गाडीचा मागचा दिवा चालू आहे का हे आठवड्यातून एकदा बघा, आपणही कोणासाठी तरी काळी ट्रॉलीच असतो.

प्रश्न : चार्जिंगच्या गाडीला लायसन्स लागत नाही ना? मग पंधरा वर्षांच्या मुलीला दिली तर चालेल? (छत्रपती संभाजीनगर)

सगळ्या नाही. मोटर २५० वॉटच्या आत आणि स्पीड ताशी २५ च्या आत असेल तरच ती कायद्याने मोटार वाहन धरत नाहीत, तिला नंबर प्लेटही नसते. हिरवी नंबर प्लेट असलेली कुठलीही गाडी म्हणजे लायसन्स पाहिजे. २५ वाली घेऊन मेकॅनिककडून लॉक काढून पंचेचाळीसने पळवली तर ती परत मोटार वाहनच झाली, म्हणजे वर सांगलीच्या ताईंना सांगितलेलं सगळं तुम्हालाही लागू. आणि लायसन्स नको असलं तरी हेल्मेट द्याच.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये एक जण आहे तो वर्धा रोडला एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने व्हिडिओ काढतो. कधीकधी थोडी घेतलेली पण असते. मी मागे बसलेली असते. बोललं की सगळे आजीबाई म्हणून चिडवतात. कसं सांगू? (नागपूर)

भाषण देऊ नकोस, ऐकणार नाहीत. चालत्या गाडीवर वाद तर अजिबात नको. सरळ म्हण, मला मळमळतंय, उलटी होईल असं वाटतंय, थांब. नव्या जॅकेटवर उलटी म्हटलं की भलेभले ब्रेक मारतात. उतरलीस की परत बसायचं नाही, रिक्षा कर, घरच्यांना फोन कर, रात्रीचे बारा वाजलेले असले तरी कर, ओरडा खाल्लेला परवडतो. आणि ही गोष्ट आईबाबांशी आधीच बोलून ठेव की असा फोन आला तर आधी न्यायला या, प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारा. पालक हे वाचत असतील तर त्यांनी पण ऐकावं, मुली फोन करत नाहीत त्या तुमच्या ओरड्याला घाबरून.

थोडी घेतलेली याला कायद्यात मर्यादा आहे, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, आणि एवढं व्हायला फार प्यावं लागत नाही. व्हिडिओचं गणित वर आलंच आहे, साठला दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं की तेहतीस मीटर गाडी कोणीच चालवत नव्हतं.

मागे बसणाऱ्यांचं कोणी मोजत नाही. वर पुणेकराला जे ५०,०२९ सांगितले त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. हेल्मेट त्यांनाही सक्तीचं आहे. अजून एक, ओढणी किंवा स्कार्फ मागे लोंबत ठेवू नकोस, चाकात गेला की गळ्याला फास बसतो. मागच्या चाकाला साडीगार्ड असणं नियमात आहे पण पोरं ते पहिल्याच आठवड्यात काढून टाकतात, म्हणे लूक बिघडतो. साडीगार्ड नसलेल्या गाडीवर बसताना ओढणी आधी गाठ मारून आत घे.

प्रश्न : आम्ही सहा जण पहिल्यांदा गोव्याला चाललोय. तिथे भाड्याची गाडी घेताना काय बघायचं? (इचलकरंजी)

काळ्या पाटीवर पिवळे अक्षर असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची म्हणजे कोणाची तरी खाजगी, ती भाड्याने देणं बेकायदा आहे, स्वस्त मिळते पण काही झालं तर विम्याच्या नावाने तुम्ही लटकणार. ज्याचं लायसन्स आहे त्यानेच चालवायची, सहात दोघांकडेच असेल तर दोनच गाड्या आणि उरलेल्या दोघांनी टॅक्सी, तिब्बल सीट नाही. चालवायच्या आधी दोन्ही ब्रेक, टायर, हॉर्न बघा, अंगणातल्या अंगणात एक फेरी मारा. पावसाळ्यात जात असाल तर तिथले उताराचे अरुंद रस्ते शेवाळाने गुळगुळीत होतात, वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. आणि बीचवरून परतताना पायात चप्पल असू द्या, अनवाणी माणसाचा पाय मागच्या ब्रेकवरून सटकतो.

प्रश्न : अपघात झालेला दिसला की थांबावंसं वाटतं पण घरचे म्हणतात पोलिसांच्या लफड्यात पडू नको, कोर्टाच्या चकरा मारशील. खरंच त्रास होतो का? आणि थांबलो तर करायचं काय? (लातूर)

घरच्यांची भीती जुनी आहे आणि एकेकाळी ती खरीही होती. सुप्रीम कोर्टाने ३० मार्च २०१६ ला मदत करणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्का मारला आणि २०१९ च्या दुरुस्तीत १३४अ हे कलमच आलं. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, हॉस्पिटल पैसे भर म्हणून थांबवून ठेवू शकत नाही, चांगल्या हेतूने मदत करताना काही कमीजास्त झालं तर तुझ्यावर केस नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे तू ठरवायचं. उलट आता राह-वीर म्हणून योजना आहे, गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवून जीव वाचवला तर २५ हजारांचं बक्षीस. २०२५ पासून जखमीला नेमलेल्या हॉस्पिटलमध्ये अपघातापासून सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारही आहेत, तेव्हा नातेवाईक येऊन पैसे भरेपर्यंत हात लावणार नाही असं कोणी म्हणालं तर ही योजना सांग आणि ११२ ला फोन करून पोलिसांनाही कळव.

आता करायचं काय. तुझी गाडी रस्त्याच्या बाहेर लाव, इंडिकेटर चालू ठेव. १०८ ला फोन कर, नेमकी जागा सांग, किलोमीटरचा दगड, पंपाचं नाव, फाटा, जे दिसतंय ते. पडलेल्या गाडीची चावी बंद कर. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घडी करून त्यावर दाबून धर, सतत बघायला उचलू नको. पाणी पाजू नको, कोणी कितीही म्हणालं तरी, बेशुद्ध माणसाच्या फुप्फुसात जातं आणि पुढे ऑपरेशनच्या वेळीही घोटाळा होतो. हेल्मेट ओढून काढू नको, श्वास चालू असेल तर काच वर कर आणि राहू दे. दोन्ही खांद्यांना धरून रिक्षात कोंबायचं हे तर अजिबात नाही, मानेचं हाड मोडलेलं असेल तर वाचलेला माणूस आयुष्यभर अंथरुणात. ॲम्ब्युलन्स येणारच नसेल आणि हलवायलाच लागलं तर तीन-चार जणांनी मिळून डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून फळीवर नाहीतर टेम्पोच्या सपाट हौद्यात.

आणि पन्नास-शंभर मीटर मागे कोणीतरी उभं राहून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायला पाहिजे, रात्र असेल तर मोबाईलचा टॉर्च लावून, कडेच्या मातीत उभं राहून. नाहीतर मागनं येणारा मदत करणाऱ्यांवरच चढतो. तिथे दोघंतिघं व्हिडिओ काढत उभे असतीलच, त्यांना या कामाला लाव, मोबाईल आधीच हातात असतो.